चिमणी उड, म्हैस उड : मुलामुलींचा मेंदू आणि रक्तातले लोह

‘चिमणी उड’ हा खेळ खेळला नाही असा मराठी माणूस विरळा. सगळ्यांनी गोल बसायचे, तर्जनी जमिनीला टेकवायची. सांगणारा म्हणतो, चिमणी उड. सगळ्यांची बोटे वर. कावळा उड, बोटे वर. पोपट उड, घार उड; पुन्हा वर. आणि त्याच लयीत, आवाजात काडीचा फरक न करता तो म्हणतो, म्हैस उड. ज्याचे बोट उचलले गेले तो बाद. म्हैस उडत नाही हे त्यालाही ठाऊक असते. चूक माहितीची नसते. बोट आधी निघते, डोके मागून पोचते.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत जवळपास याच खेळाला ‘गो/नो-गो’ चाचणी म्हणतात. पडद्यावर एकामागून एक खुणा येतात. बहुतेक खुणांना बटण दाबायचे, एका ठरावीक खुणेला दाबायचे नाही. दाबायच्या खुणा मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे हाताला सवय लागते आणि ती मोडणे कठीण जाते. म्हशीच्या आधी दहा पाखरे का उडवायची, हे आपल्या आज्यांना प्रयोगशाळेच्या आधीपासून माहीत होते. यात दोन गोष्टी मोजतात. बटण दाबायला किती वेळ लागला, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागात. आणि नको तिथे किती वेळा दाबले. पहिली गोष्ट अवधानाची, दुसरी आवर घालण्याची. ‘स्टॉप-सिग्नल’ नावाची दुसरी चाचणी याहून अवघड. तिथे दाबायची खूण येते, हात निघतो आणि तेवढ्यात ‘थांब’ असा इशारा मिळतो. निघालेला हात मागे घ्यायचा. तिसरी एक ‘अटेन्शन नेटवर्क’ चाचणी आहे. तिच्यात बाणांची रांग दिसते आणि मधल्या बाणाचे तोंड कुठे आहे एवढेच सांगायचे असते. आजूबाजूचे बाण उलट तोंड करून दिशाभूल करत राहतात.

या कामांत बायका आणि पुरुष वेगळे ठरतात का आणि ती करताना त्यांचे मेंदू वेगळे वागतात का, हा या लेखाचा विषय. मी काही मेंदूचा डॉक्टर नाही. एटापल्लीत माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान आहे. बारावीनंतर नियमित शिक्षण झाले नाही. इंग्रजी शोधनिबंध मी शब्दकोश उघडा ठेवून वाचतो, एकेक परिच्छेद तीनदा. या विषयाकडे मी वळलो ते एका चित्रामुळे.

दोन वर्षांपूर्वी दहावीचे निकाल लागल्यावर आमच्या भागातल्या एका शाळेत मार्गदर्शन शिबिर होते. मी श्रोता म्हणून गेलो नव्हतो, झेरॉक्सचे गठ्ठे पोचवायला गेलो होतो. पडद्यावर मेंदूची चित्रे होती. वरच्या ओळीतल्या मेंदूंत निळ्या रेषा पुढून मागे धावत होत्या, खालच्या ओळीत केशरी रेषा डावीकडून उजवीकडे. निळा मुलाचा, केशरी मुलीचा. वक्ते सांगत होते, ‘‘मुलांचा मेंदू एका बाजूला सलग जोडलेला असतो, म्हणून त्यांचं लक्ष एका गोष्टीवर टिकतं. मुलींचं लक्ष चार ठिकाणी. हे आम्ही नाही म्हणत, विज्ञान म्हणतं.’’ पुढचा सल्ला कोणता हे सांगायला नकोच. पालकांच्या रांगेत माझा धाकटा भाऊ बसला होता. माझ्या पुतणीला अकरावीला सायन्स घ्यायचे होते. घरी येताना तो म्हणाला, ‘‘दादा, ऐकलं ना? हिचं लक्ष टिकत नाही म्हणतो मी, ते उगाच नाही.’’

मुलीचे लक्ष टिकत नव्हते, हे खरेच होते. पुस्तक घेऊन बसली की ओळ हरवायची. हाक मारली तर दुसऱ्यांदा ऐकू जायचे. ‘‘मोठे बाबा, वाचते मी, पण आत जात नाही,’’ असे ती मला म्हणाली होती. वक्त्यांनी तिच्या अडचणीला नाव दिले आणि त्या नावाने अडचण कायमची करून टाकली.

ते चित्र कुठले, ते मी शोधले. रात्री नेटवर्क बरे असते, तेव्हा मूळ निबंध उतरवून घेतला. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात तो डिसेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि पहिले नाव होते मधुरा इंगळहळीकर. मराठी आडनाव पाहून आधी अभिमान वाटला, मग थोडी धास्ती. तेव्हा त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रागिणी वर्मा यांच्या गटात होत्या. पुढे पुण्याच्या सिम्बायोसिस विद्यापीठात वैद्यकीय प्रतिमांच्या विश्लेषणाचे काम करू लागल्या. अभ्यास लहान नव्हता. आठ ते बावीस वर्षांचे ९४९ जण, त्यांत ५२१ मुली आणि ४२८ मुलगे. मेंदूतल्या तंतूंच्या कडेने पाण्याचे रेणू कसे सरकतात ते एमआरआयने टिपून, कोणता भाग कोणत्या भागाशी किती जोडलेला आहे याचा नकाशा त्यांनी काढला होता.

वाचत गेलो तशा दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की या चित्रांसाठी यंत्रात झोपलेल्या कुणालाही काही काम दिलेले नव्हते. ना बटण, ना बाण. ही जोडणीची चित्रे होती, अवधानाची नव्हती. उलट त्याच प्रकल्पातल्या मुलामुलींच्या ज्या वेगळ्या चाचण्या झाल्या होत्या, त्यांत अवधानात पुढे होत्या मुली. मुलगे पुढे होते ते जागेचा अंदाज आणि हाताचा वेग यांत. दुसरी गोष्ट चित्राच्या जातीची. त्यात मेंदूतल्या सगळ्या जोडण्या दाखवलेल्या नाहीत. ज्या जोडण्यांत दोन गटांच्या सरासरीत फरक निघाला तेवढ्याच रंगवल्या आहेत. दोन गावांचे नकाशे घेऊन दोन्हीकडे सारखे असलेले रस्ते पुसून टाकावेत आणि उरलेल्या रेषा दाखवून म्हणावे, बघा, ही गावे किती निराळी आहेत, तसे ते होते. इस्रायलच्या डॅफ्ना जोएल यांनी एका सहकाऱ्यासह त्याच नियतकालिकात पत्र लिहून यावर हरकत घेतली होती. शिबिरात पडद्यावर चित्र आले, हरकत आली नाही.

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. माणसांना काम देऊन मोजले, तर काय दिसते?

वागण्यात दिसणारा फरक लहान आहे. म्हणजे किती लहान? समजा, एखाद्या चाचणीत मुली सरासरीने थोड्या सरस आहेत. इतक्या की संख्याशास्त्रज्ञ त्या फरकाला ‘लहान’ म्हणतात, ०.२ एवढा. मग कुठलीही एक मुलगी आणि कुठलाही एक मुलगा अशा शंभर जोड्या लावल्या तर साधारण ५६ जोड्यांत मुलगी पुढे असेल आणि ४४ जोड्यांत मुलगा. वर्गात कोण कुठे बसवावे हे ठरवायला हा आकडा निरुपयोगी आहे. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष तुलनेची ४६ महाविश्लेषणे एकत्र तपासली, तेव्हा ७८ टक्के फरक लहान किंवा शून्याजवळ निघाले. आवेगाबद्दल क्रॉस, कॉपिंग आणि कॅम्पबेल यांनी २०११ मध्ये २७७ अभ्यास पालथे घातले. धोका पत्करण्याच्या आणि थरार शोधण्याच्या ओढीत पुरुष पुढे होते, पण नेटाने स्वतःला आवर घालण्याच्या मोजमापांत स्त्री-पुरुष जवळपास बरोबरीचे होते. लहान वयाचे चित्र निराळे आहे. तिथे मुली स्वतःला बऱ्याच जास्त आवरतात असे दिसते. मात्र ते आकडे मुख्यतः आईबापांनी आणि शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांतून आलेले आहेत. ‘मुलीच्या जातीने’ कसे बसावे हे ज्या घरात रोज सांगितले जाते, त्या घरातल्या प्रश्नावलीत काय मोजले जाते, हा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. अतिचंचलतेचे निदान मुलग्यांत जास्त होते, हेही खरे आहे. तेव्हा फरक मुळीच नाही, असे माझे म्हणणे नाही.

मेंदूच्या आत पाहणारे जे अभ्यास आहेत, त्यांतला एक मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण तो नेमका याच प्रश्नावर आहे. येल विद्यापीठातल्या ली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वीस पुरुष आणि वीस स्त्रियांना यंत्रात झोपवून स्टॉप-सिग्नल चाचणी दिली. हात मागे घेण्यात दोघे सारखेच निघाले. मेंदूतली हालचाल मात्र वेगळी होती. थांबताना पुरुषांच्या मेंदूत अधिक भाग उजळले. त्यात मेंदूच्या गाभ्यातले ग्लोबस पॅलिडस आणि थॅलॅमस हेही होते.

याचा अर्थ काय लावायचा? पुरुषांचा मेंदू जोरदार काम करतो? की तेवढेच काम करायला त्याला जास्त कष्ट पडतात? एकाच चित्रातून दोन्ही अर्थ निघतात आणि लावणाऱ्याच्या मनात जे असेल ते निघते. मला यावर आमच्या वस्तीतली सकाळ आठवते. दोन घरांच्या चुलींतून धूर निघतो. एकीचा जास्त, दुसरीचा कमी. धुरावरून आत भाकऱ्या किती झाल्या ते सांगता येत नाही. लाकूड ओले असेल तरी धूर जास्त. येलच्या प्रयोगात भाकऱ्या सारख्या होत्या, धूर वेगळा होता.

शिवाय धूर दिसला तो खरोखर धूर होता का, हेही पाहावे लागते. अशा यंत्रात मेंदूचे हजारो बारीक चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी तपासणी होते. योगायोगाने पाच टक्के तुकड्यांत फरक दिसणारच, असे धरले तर एक लाख तुकड्यांतून पाच हजार ठिकाणी नसलेला फरक दिसेल. २००९ मध्ये अमेरिकेतल्या क्रेग बेनेट आणि मित्रांनी एक मेलेला सालमन मासा यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. छायाचित्रातल्या माणसाला काय वाटत असेल, ते माशाने ओळखायचे होते. योग्य ती दुरुस्ती न करता हिशेब केला तेव्हा माशाच्या मेंदूत काही ठिकाणी हालचाल दिसली. या कामाला २०१२ मध्ये इग नोबेल मिळाले. लोक हसले; पण त्यानंतर हिशेब जरा काळजीने होऊ लागला.

त्याहून गंभीर गोष्ट २०१८ मध्ये पुढे आली. शॉन डेव्हिड आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांतले असे १७९ निबंध गोळा केले, ज्यांत अशाच यंत्राने स्त्री-पुरुषांच्या मेंदूतला फरक शोधला होता. एका अभ्यासात माणसे किती? मध्यक ३२. म्हणजे एसटीच्या एका गाडीत मावतील एवढी. त्यांतल्या १५८ निबंधांनी, म्हणजे ८८ टक्क्यांनी, फरक सापडल्याचे सांगितले. ज्यांच्या शीर्षकातच फरक नसल्याचे म्हटले होते असे निबंध दोन. खरी गोम पुढे आहे. जास्त माणसे घेतली तर खरे फरक जास्त ठिकाणी सापडायला हवेत. तसे दिसले नाही. माणसे कमी असोत वा जास्त, सापडलेल्या ठिकाणांच्या संख्येवर परिणाम नव्हता. फरक न सापडलेले निबंध बहुधा कुणाच्या तरी टेबलाच्या खणात पडून आहेत, असा त्याचा साधा अर्थ. लिझ एलियट यांनी २०२१ मध्ये तीन दशकांचे काम चाळून सांगितले की पुरुषांचा मेंदू सुमारे ११ टक्के मोठा असतो, हा फरक पक्का आहे. तो आकार हिशेबातून वजा केला की उरलेल्या वैविध्यातले जेमतेम एक टक्का लिंगभेदाच्या खात्यावर जाते. आणि जोएल यांनी २०१५ मध्ये चौदाशेहून अधिक मेंदूंची चित्रे तपासून दाखवले की संपूर्ण ‘पुरुषी’ किंवा संपूर्ण ‘बायकी’ मेंदू क्वचितच सापडतो. बहुतेकांत दोन्हीकडचे तुकडे गोधडीसारखे जोडलेले असतात.

इथवर वाचून मी भावाला सारे सांगितले असते आणि विषय संपला असता. पण मग पुतणीची ओळ का हरवत होती? तिचे उत्तर मला वेगळ्याच ठिकाणी सापडले, त्या यंत्राच्या गाभ्यात.

एफएमआरआयचे यंत्र मेंदूतल्या पेशींचे काम थेट पाहत नाही. ते रक्त पाहते. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असते. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवले की प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकाजवळ वेगवेगळे वागतात. १९९० मध्ये सेजी ओगावा यांनी याच फरकावरून मेंदूतल्या रक्तातल्या प्राणवायूचा माग यंत्राने घेता येतो, हे उंदरांवर सिद्ध केले. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे गरजेपेक्षा जास्त ताजे रक्त धावते, प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि यंत्रातला संकेत वाढतो. चित्रात जे उजळते ते हेच.

म्हणजे धूर पुन्हा लाकडावर आला. रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण किती आहे, यावरही संकेताची ताकद अवलंबून असते. आणि हे प्रमाण स्त्री-पुरुषांत सरासरीने वेगळे असते, हे तर शाळेच्या पुस्तकातले ज्ञान आहे. जागतिक आरोग्य संघटना रक्तक्षय ठरवताना पुरुषासाठी १३ ग्रॅमची रेघ धरते आणि गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ग्रॅमची. दोन गटांचे मेंदू तुलनेला ठेवले आणि रक्त तपासले नाही, तर दिसणारा फरक पेशींचा की रक्ताचा, हे सांगणे अवघड. येलचा निष्कर्ष यामुळेच आला, असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. तो अमेरिकेतल्या निरोगी माणसांवरचा अभ्यास होता. पण आपल्याकडे हा प्रश्न बाजूला ठेवताच येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या, पुरुष २५ टक्के. पंधरा ते एकोणीस वयात मुली ५९.१ टक्के, मुलगे ३१.१ टक्के. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात आहेत. दहावीच्या वर्गातल्या मुलामुलींत याहून मोठा आणि याहून सहज मोजता येणारा शारीरिक फरक क्वचितच दुसरा असेल.

लोह रक्तापुरते नसते. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या विकराला लोह लागते, तंतूंवरचे मायलिनचे वेष्टण घडायला लागते. मेंदूतला सर्वांत लोहसमृद्ध भागांपैकी एक म्हणजे ग्लोबस पॅलिडस, वर येलच्या अभ्यासात आलेला, हाताला आवर घालण्याच्या साखळीतला. लोह कमी पडले की सुस्ती येते हे सगळे जाणतात. लोहाने अवधान आणि आवर बदलतात, हे कमी जाणतात.

आणि हे दाखवणारा एक प्रयोग आपल्याच राज्यात झालेला आहे. मला वाटते, त्याची मराठीत व्हायला हवी तेवढी चर्चा झाली नाही. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट यांच्या कामातून ‘धनशक्ती’ हा जादा लोहाचा बाजरीचा वाण आला. महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वयाच्या शाळकरी मुलामुलींना सहा महिने काहींना लोहयुक्त बाजरीचे आणि काहींना साध्या बाजरीचे पदार्थ दिले गेले. भाकरी आणि पुढे शेव. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून हे काम केले. त्यातल्या १४० जणांच्या मेंदूच्या कामगिरीचा निबंध २०१८ मध्ये आला. चाचण्या कोणत्या? साधा प्रतिसाद, गो/नो-गो आणि अटेन्शन नेटवर्क. म्हणजे आपली ‘चिमणी उड’ आणि तिची भावंडे. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचे हात जलद झाले होते, कारण सराव आणि वय यांचाही हिस्सा असतो. पण लोहाची भाकरी खाणाऱ्यांत ही सुधारणा जवळपास दुप्पट होती. गो/नो-गोमध्ये साध्या बाजरीवाल्यांचा वेळ सेकंदाच्या ३० सहस्रांशांनी कमी झाला, लोहाच्या बाजरीवाल्यांचा ६७ सहस्रांशांनी.

हा प्रयोग मुलगा-मुलगी फरकाचा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्याने एवढे दाखवले की ज्या चाचणीवरून आपण मेंदूची जात ठरवायला निघालो आहोत, तिचा निकाल भाकरीने बदलतो. अमेरिकेत मरे-कोल्ब आणि बिअर्ड यांनी २००७ मध्ये तरुण स्त्रियांना सोळा आठवडे लोहाच्या गोळ्या देऊन असेच पाहिले होते. दार्जिलिंग जिल्ह्यातल्या चहामळ्यांत मजुरी करणाऱ्या बायकांना आयोडीनबरोबर लोह मिसळलेले मीठ देऊन २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही अवधान आणि स्मृती सुधारल्या. संप्रेरकांचा आणि पाळीच्या चक्राचा भाग यात आहेच. त्यावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून मी त्यात शिरत नाही.

आमच्याकडे बाजरी नाही. भात आहे, डोंगराकडे कोसरी आहे. सूरजागडच्या डोंगरातले लोहखनिज भरलेले ट्रक मात्र याच तालुक्यातून दिवसरात्र जातात. यावर कोटी करायचा मोह होतो, तो आवरतो.

पुतणीला घेऊन मी रक्त तपासायला गेलो. भाऊ म्हणाला, ‘‘लक्ष टिकत नाही त्याचं रक्त कशाला काढायचं?’’ मला उत्तर देता येईना. हिमोग्लोबिन निघाले ८.४. सिकलसेलची तपासणीही करून घेतली, कारण आमच्या भागात ती न करता रक्तक्षयाबद्दल बोलू नये. सिकलसेलच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय देणे बरे नाही. ती नव्हती. पाळी किती दिवस जाते, किती जाते, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी बाहेर आलो. आत माझी वहिनी होती. ती नंतर म्हणाली, चार वर्षांत पोरीला हे कुणी विचारलं नव्हतं, आम्हीही नाही.

गडचिरोलीला ही गोष्ट नवी नसावी. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी याच जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ आठ टक्के. बायका काही बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही होत नाही, असे तोवर धरले जात होते. आता बायकांच्या डोक्याबद्दल पुष्कळ बोलले जाते आणि रक्त मागेच राहते. एमआरआय काढायचा तर आम्हाला चंद्रपूर-नागपूरचा रस्ता धरावा लागतो. हिमोग्लोबिन बोटाच्या एका थेंबात कळते.

गोळ्या सुरू झाल्या त्या जुलैत. तोवर अकरावीच्या प्रवेशाची तारीख निघून गेली होती आणि भावाने तिला आर्ट्सला घातले होते. त्यावरून आमचे चार दिवस बोलणे बंद होते. पाचव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन ११.६ वर आले. ओळ हरवणे थांबले असे ती सांगते. वाढत्या वयाने थांबले की लोहाने, हे एका मुलीवरून सिद्ध होत नाही, हे मला कळते. भूगोलात तिला रस वाटू लागला आहे. सायन्स हुकल्याचे मात्र ती विसरलेली नाही आणि मीही तिला विसर म्हणत नाही.

यंदा शिबिराच्या आधी त्याच वक्त्यांची भेट झाली. निळ्या-केशरी चित्राचा मूळ निबंध आणि बाजरीचा निबंध यांच्या झेरॉक्स मी त्यांना दिल्या, पैसे न घेता. त्यांनी घेतल्या. चित्र या वेळीही लागले, पण खाली निबंधाचे नाव आणि साल होते. शेवटी एका आईने विचारले की शाळेत दर आठवड्याला निळी गोळी मिळते, ती पोरी मागच्या कुंपणापलीकडे टाकतात, त्याचे काय? वक्ते माझ्याकडे पाहू लागले. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी असलेली ही गोळी म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड. पोरी टाकतात, कारण मळमळते आणि शौच काळे होते. काळे होणे हे साहजिक आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, एवढेही त्यांना कुणी सांगितलेले नसते. रिकाम्या पोटी घेऊ नये. वर लिंबूपाणी घेतले तर लोह जास्त मुरते. चहाने अडते. माझ्या पुतणीची गोळी पहिले दोन महिने सकाळच्या चहाबरोबर चालली होती. आता ती दुपारच्या जेवणानंतर घेते.